जूनमध्ये पॅरिसला

“जूनमध्ये पॅरिसला चाललोय. वर्ल्ड कपला,” ढुंढिराज शेवड्यांनी वरच्या बिऱ्हाडातल्या जोशांना सांगितलं. मग दूधवाल्याकडे वळून, गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “हम और बिटिया. फुटबॉल देखने.”

दूधवाला हसला. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्या गल्लीत सगळेच हसत होते. बँकेतले शेवडे, प्रयागच्या पलीकडे जायचं तरी दहा वेळा विचार करणारे, ते एकदम पॅरिसला! पण मुलगी ईशानी फुटबॉलवेडी, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. शेवड्यांचा आतेभाऊ प्रल्हाद तिथेच स्थायिक झालेला. एकुलत्या एका लेकीची हौस पुरवतायत, असं म्हणून लोकांनी ते मानून घेतलं.

शेवड्यांना तेच हवं होतं.

जानेवारीत ईशानी मैदानावरून सायकलनं घरी येत होती. चौकाजवळ एका साडीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मुनीमजींना तिच्यासमोर गोळी घातली गेली. मारणाऱ्यानं तोंडावर रुमालसुद्धा बांधला नव्हता; सगळा चौक त्याला नावानं ओळखत होता. आजूबाजूच्या दुकानदारांनी पोलिसांना सांगितलं, आम्ही काही पाहिलं नाही. ईशानी म्हणाली, मी पाहिलं.

त्यानंतर एका सकाळी शेवडे शिंदे घाटावर स्नान करून पायऱ्या चढत होते. एक अनोळखी माणूस शेजारून चालू लागला. अगदी अदबीनं म्हणाला, “पंडितजी, बिटिया बढ़िया खेलती हैं. कहिए, पैर सँभालकर रखें.” नमस्कार केला आणि गर्दीत मिसळून गेला.

तेव्हापासून गल्लीत मोटारसायकल थांबली की शेवड्यांच्या बायकोचा, पद्माचा, हात पोळपाटावरच थबके. दोघं एकमेकांकडे बघत नसत. मोटारसायकल पुढे गेली की पोळी पुन्हा लाटली जाई.

पॅरिसची कल्पना त्या भीतीतून निघाली होती. प्रल्हादला फोनवरून सगळं सांगून झालं होतं. शेवडे मॅच बघून परत येणार, ईशानी मात्र तिकडेच राहणार. भाषा शिकेल, पुढचं प्रल्हाद बघेल. कायमचं पाठवतोय म्हटलं असतं तर पोलिसांनी अडवलं असतं, त्या माणसांनी गाठलं असतं, आणि सगळ्यांत आधी ती स्वतःच नाही म्हणाली असती. मॅच बघायला जाणाऱ्याला कोण अडवतं? म्हणून तिलाही काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बापलेक पॅरिसचा नकाशा पसरून बसत.

“अर्जेंटिना-जमैका पॅरिसमध्येच आहे, बाबा. ती घेऊ.”

“घेऊ की. जमैका फार जबरदस्त टीम आहे म्हणतात.”

ईशानीनं नकाशावरून नजर उचलली. “पहिल्यांदाच आलीय, बाबा, वर्ल्ड कपला.”

“तेच म्हणतोय मी,” शेवडे म्हणाले. तिच्याकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ईशानी वेळेवर घरी आली नाही. घाटावरच्या आरतीच्या घंटा वाजल्या, थांबल्या. शेवडे चपला न घालताच बाहेर पडले. मैदानावर कुणी नव्हतं. मैत्रिणीकडे ती गेली नव्हती. पोलीस चौकीच्या दारापर्यंत जाऊन ते उलटे फिरले, कारण आत कोण कुणाचा माणूस आहे ते कळायला मार्ग नव्हता. भोसले घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. घरी आले तेव्हा पद्मा देवापुढे बसली होती.

मग दारात सायकल टेकवल्याचा आवाज आला.

“कुठे होतीस?” शेवडे दाराकडे धावले.

“कचहरीत. मॅजिस्ट्रेटसमोर बयान दिलं. मारणाऱ्याचं नाव घेऊन.”

शेवड्यांनी आधी दाराला कडी घातली. “अगं, चार महिने थांबली असतीस तर...”

“तर मी पॅरिसमध्ये असते,” ईशानी म्हणाली. “बाबा, तुम्हाला ऑफसाइड कशाला म्हणतात तेही माहीत नाही. आई जूनच्या सहलीसाठी लोकरीचे स्वेटर विणतेय. मला कळणार नाही असं वाटलं तुम्हाला?”

“कळलं होतं, तर गप्प का बसलीस?”

“जावं असं मलाही वाटत होतं. मीही घाबरतेच ना. आज मुनीमजींच्या घरावरून जात होते. त्यांची बायको ओट्यावर बसली होती. नुसती बघत राहिली माझ्याकडे. मग वाटलं, मी तिकडे गेल्यावर तुम्ही दोघं इथेच असणार. ती माणसंही इथेच असणार. मला कुठे ठेवलंय ते तुम्हाला विचारतील.” ती आईजवळ जाऊन बसली. “आता बयान लिहून झालंय. ऑगस्टमध्ये कोर्टात गवाहीला बोलावतील, असं सरकारी वकील म्हणाले. मी देणार.”

पद्मानं तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला. कुणी जेवलं नाही.

सकाळी शेवडे नाक्यावरच्या फोनच्या बूथवर गेले. बाहेर नेहमीसारखी गर्दी होती. त्यात ओळखीचे चेहरे होते तसे अनोळखीही होते. एरवी ते बूथचं काचेचं दार ओढून घेत आणि हातानं तोंड झाकून बोलत. आज त्यांनी दार उघडंच ठेवलं.

“प्रल्हाद, ईशानीच्या राहण्याचं काही बघू नकोस,” ते मोठ्यानं म्हणाले. “आम्ही फक्त मॅच बघायला येतोय.”