एकच पिस्तूल

सकाळी नेल्डाच्या कॅफेत गिऱ्हाइकं अकरा होती, स्वयंपाकी एक, मालकीण एक आणि पिस्तूल एक. पिस्तूल ड्वेनच्या कमरेला होतं, उजवीकडे, सगळ्यांना दिसेल असं. आत आल्या आल्या त्याने टोपी काढून खुंटीला अडकवली होती. चार माणसांत टोपी घालून खायला बसणं त्याला असभ्य वाटे.

कॅफेला त्या पिस्तुलाची सवय होती. म्हणजे त्याच्याकडे कुणी बघत नसे, पण ते कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असे. ड्वेनच्या मागे उभा राहणारा नेहमीपेक्षा हातभर लांब उभा राही. त्याच्या विनोदांना लोक जरा लवकर हसत. त्याची कॉफी कधीच गार होत नसे.

आज खिडकीशी ग्रेचन नावाच्या बाई बसल्या होत्या. मिनेसोटात बर्फ पडायला लागलं की तिथले पेन्शनर उन्हासाठी अ‍ॅरिझोनात येतात, आणि ग्रेचनबाई त्यांच्या सहली काढतात. दर मंगळवारी चाळीस माणसांची बस जेवायला कुठे थांबवायची, हे त्या आज ठरवणार होत्या. नवा हमरस्ता गावाबाहेरून गेल्यापासून ट्रकवाले नेल्डाकडे फिरकत नव्हते. ही बस मिळाली नाही तर नाताळनंतर कॅफे बंद करायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

ग्रेचनबाईंनी बोटाने नेल्डाला जवळ बोलावलं.

"तो माणूस पोलीस आहे का?"

"छे हो. प्लंबर होता. आता रिटायर झालाय."

"मग कमरेला ते काय आहे?"

"पिस्तूल."

"ते दिसतंय मला! कशाला आहे?"

नेल्डाने यावर कधी विचार केला नव्हता. "रोजच असतं," ती म्हणाली.

"हे बघा, माझी माणसं पंचाहत्तरीची. निम्म्यांची हृदयाची ऑपरेशनं झालीत. असलं काही समोर असलं तर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आणि माझा तर तत्त्वाचाच प्रश्न आहे. जिथे पिस्तूल, तिथे मी पाणीसुद्धा पीत नाही." त्यांनी पाण्याचा ग्लास दूर सारला. "तुम्हीच ठरवा. नाहीतर पुढच्या गावातही एक कॅफे आहे म्हणतात."

नेल्डा कॉफीचं भांडं घेऊन ड्वेनच्या टेबलापाशी गेली. आधी त्याचा कप भरला.

"ड्वेन, पुढच्या मंगळवारपासून ते गाडीत ठेवून येत जा."

"काय? टोपी?"

"टोपी नाही रे बाबा."

ड्वेनने काटा खाली ठेवला. कॅफेतले बाकीचे काटेही थांबले.

"नेल्डा, उद्या एखादा माथेफिरू या दारातून आत घुसला तर त्याला कोण अडवणार? तू? उलथनं घेऊन?"

गोल टेबलावरचे चौघे लवकर हसले.

"हसू नका रे," ड्वेन त्यांना म्हणाला. "या खोलीत तयारीत असतो तो मी एकटा. म्हणून तुम्ही निवांत अंडी खाताय. पाद्रीबुवा, खोटं बोलतोय का मी?"

पाद्रीबुवांनी तोंडात घास असल्याची खूण केली.

"कुणी माझे आभार मानावेत असं मी म्हणत नाही," ड्वेन उठत म्हणाला. "पण ते बाहेर गेलं, तर मीही बाहेर. आणि मग देवच तुमचं रक्षण करो."

एवढं बोलून तो स्वच्छतागृहात गेला. कॅफेत ते एकच होतं. नेल्डाने बंद दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे जाऊन ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, बस आणा. मंगळवारी इथे पिस्तूल नसेल. माझा शब्द."

ग्रेचनबाईंनी ग्लास जवळ ओढला, पण पाणी प्यायल्या नाहीत.

ड्वेन परत आला आणि कुणाकडे न बघता टोस्टला लोणी लावू लागला. त्याच्यानंतर फर्नबाई आत गेल्या. फर्नबाईंचं वय ब्याऐंशी, आणि चालायला त्यांना वेळ लागे. त्या बाहेर आल्या तेव्हा मेलेल्या उंदराला शेपटीने धरावं तसं, हात पुसायच्या कागदात दोन बोटांनी धरलेलं, त्यांच्या हातात एक पिस्तूल होतं.

"कागदाच्या डब्यावर विसरलंय कुणीतरी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कुणाचं आहे गं बाई?"

पाद्रीबुवांचा हात कोटाच्या आत गेला. बँकेतल्या मुलीने वाकून आपला उजवा बूट चाचपला. खत-बियाणांच्या दुकानातल्या दोघा भावांनी एकदमच पाठीमागे हात नेले. गोल टेबलावरच्या चौघांपैकी दोघांनी जाकिटाच्या बाजू दाबून पाहिल्या. स्वयंपाकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावत होता, त्याने एप्रन वर करून कमर चाचपली. ग्रेचनबाईंनी गुलाबी पर्सची चेन उघडली, आत हात घातला, आणि सुटकेचा श्वास सोडला.

ड्वेन टोस्टला लोणी लावत राहिला. त्याच्या कमरेचं होल्स्टर रिकामं होतं.

नेल्डाने चाचपणारे हात मोजले. आठ. गल्ल्याखालच्या खणात गेलेला स्वतःचा हात धरून, नऊ.