माशाचं तोंड पूर्वेला

“बूट बाहेर. इन्स्पेक्टर असाल ते तुमच्या चौकीत,” मालसुन म्हणाली. मेंगने मुकाट्याने बूट काढले.

कोरियातल्या सोल शहराच्या त्या गल्लीत मालसुनचं हाडांच्या रश्शाचं दुकान सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिची जीभ त्याहून जास्त. मेंग नोकरीला लागल्यापासून तिच्याकडे जेवत आला होता. तिच्या मुलाला, हीजेला, त्याने आत टाकल्यावरही ती त्याला वाढायची. फक्त “अजून घे” म्हणायची बंद झाली होती.

प्रकरण सरळ होतं. तीन वर्षांपूर्वी आजच्याच तिथीला, संध्याकाळी, मालसुनचा नवरा दोक्सू आणि हीजे यांचं दुकानात कडाक्याचं भांडण झालं. दोक्सू तणतणत बाहेर पडला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे हीजे बूसान बंदरात जाऊन खोल समुद्रातल्या मासेमारीच्या जहाजावर चढला आणि पुढे कित्येक महिने समुद्रावरच होता. यंदा मागच्या गल्लीतलं बंद पडलेला हमामखाना पाडताना तिथल्या विहिरीत दोक्सू सापडला. कवटी फुटलेली होती. कधी मेला ते हाडं सांगत नाहीत, पण भांडणानंतर त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ चांगग्यूनेही जबानीत लिहून दिलं होतं, की भांडणाआधीच्या नवीन वर्षाच्या जेवणानंतर दादाची गाठ नाही. म्हणजे हीजेने त्याच संध्याकाळी बापाला मारलं आणि पहाटे पळाला. उद्या कागद सरकारी वकिलाकडे जायचे होते.

काल मालसुन चौकीत आली होती. रडली नाही.

“उद्या तिथी आहे,” ती म्हणाली होती. “संध्याकाळी जेवायला या. तुम्हाला काय पाहिजे ते मी माझ्या घरात देईन, इथे नाही.”

मेंगला वाटलं, आता ही सगळं स्वतःवर घेणार. आया घेतात. निघताना त्याने खिशात हातकड्या टाकल्या, आणि त्या लागू नयेत असंही त्याला मनातून वाटत होतं.

श्राद्धाचं पान मांडलेलं होतं. दोक्सूचा फोटो, त्यापुढे भात, रस्सा, मासा, मांस, फळं, उदबत्ती. चांगग्यू काळा कोट घालून आधीच येऊन बसला होता. भाऊबंदांत कुठेही श्राद्ध असलं की मांडणी तपासायला यालाच बोलवत. वाडवडिलांच्या रीतीभाती त्याला तोंडपाठ होत्या आणि त्याचा त्याला गर्वही होता.

“वहिनी, माशाचं तोंड पूर्वेला पाहिजे.”

“फिरवा मग. तुम्हाला हात आहेत.”

त्याने मासा फिरवला. मग लाल फळं आणि पांढरी फळं यांच्या जागा बदलल्या. मग पीच उचलून बाजूला ठेवलं.

“पीच ठेवलं तर मेलेला माणूस घरात पाऊल टाकत नाही. एवढंही कळू नये?”

“त्यांना आवडायचं.”

“आवडीचा प्रश्न नाही. आणि ही भाजी लाल कशी? तिखट घातलंत?”

“भावजी, तुमचा भाऊ जिवंत होता तेव्हा जेवलास का म्हणून कधी विचारलंत? आता भाजीचा रंग बघताय.”

चांगग्यूचे कान लाल झाले. मेंगने खाली पाहिलं. चाळीस वर्षं सासरची श्राद्धं करणारी बाई आज एवढी चुकते, याचं त्याला वाईट वाटलं. मुलगा आत असला की डोकं ठिकाणावर राहत नाही माणसाचं.

“इन्स्पेक्टरसाहेब, तुम्ही तिकडे भिंतीला बसा,” मालसुन म्हणाली. “आधी त्यांचं होऊ दे, मग तुमचं.”

तिने दार किलकिलं केलं, मेलेल्याला आत यायला वाट हवी म्हणून. चांगग्यूने उदबत्ती पेटवली, दोनदा जमिनीला कपाळ टेकवलं आणि तांदळाच्या दारूचा पेला दोन्ही हातांनी उचलला. आता त्याचा आवाजही बदलला. चुका काढणारा चांगग्यू गेला, आणि भावासमोर गुडघे टेकलेला भाऊ उरला.

“बोलवा आता त्यांना,” मालसुन हळूच म्हणाली. “रीतीप्रमाणे सांगा. आजच्या दिवशी तुम्ही आम्हाला सोडून गेलात, म्हणून आज तुमचं पान मांडलंय, ते गोड मानून घ्या.”

चांगग्यूने तोंड उघडलं. पेला हातात तसाच राहिला. उदबत्तीचा धूर फोटोवरून वर गेला.

“म्हणा ना,” ती म्हणाली.

“हे नाही म्हणता येणार.”

“का? मेंगसाहेबांच्या कागदात हाच दिवस आहे. पोलिसांनी ठरवलेली तिथी मी कोण बदलणार?”

“पोलिसांना काय कळतंय,” चांगग्यू चिडून म्हणाला. मासा, पीच, तिखट, सगळा राग त्या एका वाक्यात आला. “उदबत्तीसमोर खोटं बोलून बोलावलं तर माणूस दारातूनच उपाशी परत जातो. मग वर्षभर घराला छळतो. मी नाही हे पाप घेणार.”

“मग काय म्हणायचं, भावजी? तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा.”

त्याने पेला खाली ठेवला, आणि अडाण्याला समजवावं तसा तिच्याकडे वळला.

“आज काहीच म्हणायचं नाही, वहिनी. आज तर दादा जिवंत होता. तिथी अजून दोन दिवसांनी आहे.”