फरशी कापताना

राजानंद मिस्त्रीने फरशी कापायचं मशीन सुरू केलं आणि कानठळ्या बसवणाऱ्या घरघरीसह अख्ख्या खोलीत पांढरी धूळ उडाली. नवऱ्याच्या, रामप्रसादांच्या तोंडावर टॉवेल टाकायला चांगुणाबाई लगबगीने पलंगाकडे गेल्या.

जालन्यातल्या या जुन्या जिनिंगचे, सरकी काढायच्या गिरणीचे, आता फ्लॅट झालेत. मुलाने हौसेने इथेच एक घेतला. “आई, तुमचीच जिनिंग,” म्हणाला. रामप्रसाद इथे मशीनवर होते, चांगुणाबाई कापूस वाहायच्या. लग्नही इथेच जुळलं. पण लकव्याने वाचा गेल्यापासून रामप्रसाद भिंतीकडे तोंड करून पडून असतात. चांगुणाबाई दिवसभर त्यांच्याशी बोलतात, भाजीचं, पाहुण्यांचं, मिस्त्रीच्या चहाच्या सुट्ट्यांचंही. उत्तर नाही ते नाहीच. साधी मानही हलत नाही. आपलं बोलणं या माणसाला हवंय की नकोसं झालंय, एवढं कळलं तरी त्यांना पुरलं असतं.

आज त्या वाकल्या, तर रामप्रसाद त्यांच्याकडेच बघत होते. डावा हात उचलून त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून दोनदा फिरवला.

चांगुणाबाई थबकल्या. जिनिंगच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, सगळं बोलणं हातांनी चालायचं. ही खूण मात्र फक्त त्यांच्यासाठी असायची. केसांत कापूस अडकलाय, झटक.

त्यांनी पदराने केस झटकले. रामप्रसादांनी मान हलवली, अजून आहे. पुन्हा झटकले. केस पांढरे ते पांढरेच. तसे रामप्रसाद तोंडाच्या एका बाजूने हसले, आणि चांगुणाबाईंना इतकं बरं वाटलं की डोळे पुसायचंही सुचलं नाही. पाची बोटं जुळवून त्यांनी तोंडाशी नेली. भूक लागली का? रामप्रसादांचा हात उत्तर द्यायला वर आला.

तेवढ्यात मशीन थांबलं. रामप्रसादांचा हात खाली पडला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“झालं बघा मावशी,” राजानंद म्हणाला. “आता कापायचं काईच न्हाई राह्यलं.”

चांगुणाबाईंनी थप्पीतली एक अख्खी, कोरी फरशी उचलली आणि त्याच्यापुढे ठेवली.

“ही काप.”

“हिला कुठं लावायची? कोणत्या मापात कापू?”

“कोणत्याबी काप. पण जल्दी करू नको, बाबा.”