सोललेला मटार

ताटात मटार दिसला आणि गुरम्मांचा हात तिथंच थांबला.

"अक्षरा, कागदावर आज काय लिहिलंय बघ गं."

नात उठली. स्वयंपाकघराच्या दाराला आईनं चिकटवलेला कागद तिनं मोठ्यानं वाचला. "बुधवार, फ्लॉवर-मटार. गुरुवार, मेथी घालून वरण. शुक्रवार, ढोबळी मिरची पीठ पेरून. शनिवार..."

"पुरे. बस जेवायला."

दर रविवारी गुरम्मांचा मुलगा राजशेखर बायकोच्या हातात पाचशेची नोट ठेवायचा आणि मंजुश्री तेवढ्यात बसतील अशी सात रात्रींची जेवणं कागदावर उतरवायची. महिन्यापूर्वीपर्यंत त्यात पिठलं, आमटी, खिचडी एवढंच फिरून फिरून यायचं. आता फ्लॉवर आला होता, ढोबळी मिरची आली होती. गुरम्मांच्या नवऱ्याचं गंजगोलाईच्या बाजारात तीस वर्षं किराणा दुकान होतं. नवरा गेला, दुकानही गेलं, राजशेखर दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागला, पण बाजार कुठं चाललाय हे त्यांना घरात बसून कळायचं. ह्या दिवसांत मटार पाहुणे आले तरी कुणी आणत नाही.

"मटार कसा परवडला गं?"

"स्वस्त लागला, आत्याबाई." मंजुश्रीनं मान वर केली नाही.

गुरम्मांनी मटार ताटाच्या कडेला सारला. तीन आठवडे त्या सुनेची पिशवी बघत होत्या. मटार सोललेलाच यायचा, घरात टरफलं कधी दिसली नाहीत. फ्लॉवरचा गड्डा नसायचा, तुरे असायचे. कोथिंबिरीला मुळं नसायची. अशी निवडून-बिवडून भाजी कोणता बागवान देतो? ही कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली भाजी होती. आणि मंजुश्री रोज दुपारी दोनला मठात भजनाला म्हणून जायची, ती पाचला यायची. शेजारच्या तारामतीबाईंचं सगळं आयुष्य त्या मठात गेलेलं. त्या कालच म्हणाल्या होत्या, "रोज कुठलं भजन? सोमवारचंच असतंय की."

कुणाच्या घरचं खायलाव आपण? गुरम्मांनी हा प्रश्न पुढं जाऊ दिला नाही. पुढं एखाद्या पुरुषाचा चेहरा उभा राहील अशी त्यांना भीती वाटत होती. राजशेखरला सांगावं असं दोनदा मनात आलं. आधी डोळ्यांनी बघायचं, मग बोलायचं, असं त्यांनी ठरवलं.

गुरुवारी मंजुश्री निघाली, तशा त्याही पदर डोक्यावर घेऊन निघाल्या. सून मठाच्या रस्त्याला वळलीच नाही. शिकवण्यांच्या गल्ल्यांतून, पाठीला दप्तरं लावलेल्या पोरापोरींच्या गर्दीतून ती भराभरा चालली होती. एका चार मजली होस्टेलच्या मागच्या बाजूला ती थांबली. वळून रस्ता बघितला. गुरम्मा रिक्षाआड झाल्या. लोखंडी फाटक आतून उघडलं. बनियन घातलेल्या एका माणसानं तिला आत घेतलं आणि फाटक लोटलं.

गुरम्मा रिक्षाआडून बाहेर आल्या. काय काय बोलायचं ते सगळं तोंडात जमा झालं होतं. त्यांनी फाटकावर दोन्ही हात टेकून ते ढकललं.

आत पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री अंथरलेली होती. तिच्यावर भाज्यांचे ढीग होते आणि ढिगांभोवती दहा-बारा बायका बसल्या होत्या. कुणी लसूण सोलत होती, कुणी बटाटे चिरत होती. मंजुश्री पदर खोचून मेथीच्या ढिगाशी बसून निवडायलाही लागली होती. सासूला बघून तिच्या हातातली जुडी खाली पडली.

"आत्याबाई..."

ती उठून जवळ आली. आवाज बाकीच्यांना जाऊ नये म्हणून ती अगदी हळू बोलली. "दुकानात ह्यांचा पगार अर्धा केलाय. दोन महिने झाले. आईला कळू देऊ नको म्हणाले. इथं मेसला रोजची भाजी निवडून द्यायची असती. रोजाचे पैसे मिळतेत, उरलेली भाजी मिळती." तिनं मागं वळून बायकांकडं बघितलं. "ह्यांना मात्र हे काम सांगू नका. दुकानदाराची सून लोकांच्या भाज्या निवडती म्हणून त्यांना लई लागंल."

गुरम्मांच्या तोंडात मगाशी जमा झालेलं सगळं तसंच होतं आणि आता ते थुंकायला जागा नव्हती. सुनेची बोटं त्यांना पहिल्यांदाच दिसली. नखं हिरवीकाळी झाली होती, अंगठ्याला चीर गेली होती.

बनियनवाला माणूस आतून ओरडला, "मावशी, कामाला आलाव का? मग बसा. वाट अडवू नका, पोरं सातला जेवायला येतेत."

बायका गुरम्मांकडे बघत होत्या. त्यांतल्या एकीची नजर जरा जास्तच रेंगाळली. गंजगोलाईतलं जुनं गिऱ्हाईक असावं.

"आत्याबाई, तुम्ही घरी जावा," मंजुश्री कुजबुजली. "लोक वळखतील."

गुरम्मांनी चपला काढल्या. गुडघ्यावर हात टेकत त्या ताडपत्रीवर बसल्या आणि मंजुश्रीच्या हातून पडलेली मेथीची जुडी त्यांनी पुढं ओढली. सुनेनं निवडलेल्या मेथीत हात घालून त्यांनी दोन काड्या उचलल्या, डोळ्यांजवळ धरल्या.

"हे एवढे देठ कुणाला खाऊ घालायलीस गं?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सर तिकडं. बघ माझ्याकडं, मेथी कशी खुडतेत."