नुसता ओला

"गुन्ह्याचा प्रश्न येईल ना, तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघून विचार," दुल्मामावशी म्हणाली. "मग बघ कसा गार पडतो ते."

एल्डर थॉर्नॉकने खाऱ्या चहाचा वाडगा खाली ठेवला. त्याचा जोडीदार एल्डर फोनुआ मटण भरून वाफवलेलं सातवं बूज तोंडात कोंबत होता. दोघंही विशीतले परदेशी धर्मप्रचारक, 'एल्डर' ही त्यांची पदवी. छातीवर आडनावाची काळी पाटी, गळ्यात टाय, आणि घरापासून दोन वर्षांसाठी लांब. फोनुआला मंगोलियात, या एर्देनेत गावात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

"चर्चमध्ये आधी मी आले," मावशी म्हणाली. "चार वर्षं झाली. आणि आता माझा नवरा..."

"पूर्वीचा," फोनुआ म्हणाला.

"पूर्वीचा. तू खा गपचूप. तर हा गोंबो रविवारी पांढरे कपडे घालून बाप्तिस्म्याच्या कुंडात उतरणार आणि धुऊन निघणार? सगळी दारू, माझे पाडलेले दात, आणि तो माणूस? सगळं साफ?"

"कोणता माणूस?" थॉर्नॉकने विचारलं.

"ट्रकखाली घेतलेला. दार्खानच्या पुलावर, नऊ वर्षं झाली. थांबलासुद्धा नाही मेला. घरी येऊन मला म्हणतो, बंपर धू. मी धुतला. मार खायचे, तोंड उघडायची छाती नव्हती. कोण होता, कुणाचा होता, आजपर्यंत माहीत नाही."

"महिना कोणता?"

"नव्या वर्षाच्या, पांढऱ्या महिन्याच्या सणाला आठवडा होता. का रे?"

"सहज."

थॉर्नॉकने गार झालेला चहा एका दमात संपवला.

बाहेर नाकातले केस गोठत होते. फोनुआ मफलरमधून म्हणाला, "ही पोलिसांकडे का जात नाही?"

"पुरावा तिनेच धुतला."

"मग उद्या मुलाखतीत तो हो म्हणाला तर?"

"तर बाप्तिस्म्याच्या परवानगीवर मी सही करायची नाही. मिशनचे अध्यक्ष त्याच्याशी बोलतील. त्याने खरं सांगितलं, जे भोगायचं ते भोगलं, तर त्यालाही माफी आहे. देव पुन्हा त्या पापाचं नावही काढत नाही."

"आणि खोटं बोलून पाण्यात उतरला तर?"

"तर नुसता ओला होऊन बाहेर येईल."

खोलीवर आल्यावर थॉर्नॉक नेहमीप्रमाणे आपला फाटका शब्दकोश घेऊन बसला. समासात बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात टिपणं होती. पहिल्या पानावर नुसतं 'मायल्स'. मिशनवरची पोरं एकमेकांचं पहिलं नाव घेत नाहीत, त्यामुळे फोनुआला ते मजेशीर वाटलं.

"हा मायल्स कोण रे?"

"होता पूर्वी इकडे. त्याचा शब्दकोश आता माझ्याकडे आला."

जुनी पुस्तकं अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जातात. फोनुआने पुढे विचारलं नाही. थॉर्नॉकची आई दर सोमवारच्या पत्रात एकच ओळ शेवटी लिहायची, 'काही कळलं का?' तेही फोनुआला भाषेबद्दलच वाटायचं.

शनिवारी गोंबो चर्चमध्ये मुलाखतीला आला. त्याला धर्म शिकवणारी जोडी वेगळी होती. शिकवणाऱ्याने मुलाखत घ्यायची नाही, अशी रीत. फोनुआ काचेच्या दाराबाहेर बसला, जोडीदार नजरेआड होऊ नये म्हणून. त्याच्या शेजारी गोंबोची नात होती, उलानबातरहून खास आलेली.

गोंबो साठीचा, अकरा महिने दारूला न शिवलेला. देवाचे प्रश्न झाले, प्रार्थनेचे झाले. मग थॉर्नॉकने त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "काका, तुमच्या हातून कधी गंभीर गुन्हा घडलाय?"

गोंबो हातातली टोपी पिळत राहिला.

"एक गोष्ट आहे, बाळा. नऊ वर्षं छातीवर बसलीय. मी तेव्हा ट्रक..."

थॉर्नॉकने हात वर केला. "हो की नाही, एवढंच लागतं, काका."

"पण मला सांगायचंय."

"दारूच्या दिवसांतलं असेल काहीतरी. दारू सोडलीत ना?"

"सोडली. पण तो रस्ता..."

"हो म्हणालात तर उद्याचा कार्यक्रम रद्द. पुन्हा कधी होईल सांगता येत नाही. नात एवढ्या लांबून आलीय."

गोंबोने काचेतून नातीकडे पाहिलं. तिने हात हलवला.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

थॉर्नॉकने सही केली आणि त्याचा हात हातात घेतला. "अभिनंदन, काका."

रविवारी पहिल्या बुडीत गोंबोचा गुडघा वर राहिला. अंगाचा कणही कोरडा राहून चालत नाही, म्हणून साक्षीदारांनी पुन्हा करायला लावलं. "पाणीसुद्धा घेत नाही मेल्याला," मावशी भर सभेत म्हणाली. दुसऱ्या बुडीला गोंबो पुरता आत गेला आणि लहान मुलासारखा रडत वर आला.

मावशीने थॉर्नॉकला दाराशी गाठलं.

"विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"आणि तू सही ठोकलीस! सगळं माहीत असून! आकडा वाढवायला ना रे? थू तुझ्या त्या टायवर!"

फोनुआला त्या गोंधळातही काचेतून पाहिलेलं आठवलं. म्हातारा बोलू पाहत होता, आणि याने हाताने थांबवलं होतं. त्याला जोडीदाराची इतकी लाज वाटली की संध्याकाळभर तो त्याच्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार, कपडे धुवायचा आणि घरी लिहायचा. थॉर्नॉक एरवी दोन पानं लिहायचा. आज चारच ओळी लिहिल्या.

'आई, कळलं. आपल्या मायल्सदादाला दार्खानच्या पुलावर टाकून पळालेला माणूस सापडला. माझ्यासमोर बसून तो सगळं कबूल करायला निघाला होता. मी करू दिलं नाही.'