सुजयचं स्टेशन

सुजय पोलंडला नोकरीला गेला, तेव्हापासून भाऊसाहेब ऑफिसातून आले की दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम लावून बसत. पोलंडमध्ये साठ वर्षं धावलेली निळी-पिवळी विजेची पॅसेंजर त्यात हुबेहूब उभी केली होती, अगदी दाराच्या करकरीसकट. सुजय राहायचा ते छोटं स्टेशनही त्याच मार्गावर होतं. तिथे भाऊसाहेब गाडी मुद्दाम एक मिनिट जास्त थांबवायचे आणि गेम त्यांचे गुण कापायचा.

“कापू देत. चढू दे त्याला नीट,” शेजारी चहा घेत बसलेल्या सुजयच्या आई, चंद्रप्रभाताई, म्हणायच्या.

रविवारी दुपारी सुजयचा फोन आला. “बाबा, यंदाही दिवाळीला जमणार नाही. इकडे सुट्टीच मिळत नाहीये. आत्ता तुमच्या त्या निळ्या-पिवळ्या गाडीतच बसलोय.”

त्याच्या आवाजामागे एक बाई शांतपणे सांगत होती, “अगला स्टेशन नोएडा सेक्टर अठारह है। दरवाज़े बाईं ओर खुलेंगे।”



“अच्छा,” भाऊसाहेब म्हणाले. “सांभाळून उतर.”

संध्याकाळी ते नेहमीसारखे गेम लावून बसले. ते छोटं स्टेशन आलं, आणि गाडी न थांबता पुढे निघून गेली.

“अहो, सुजयचं स्टेशन गेलं ना,” चंद्रप्रभाताई म्हणाल्या.



“तिथे आता आपलं कोणी राहत नाही.”