बेताचा भूकंप

"बसंतीकाकू, आज दुपारी धक्का सोडणार आहोत. या वेळी घरात थांबाल?" भूवैज्ञानिक शाल्मलीने विचारलं.

हिमालयाखाली भारताचा भूपट्ट आशियाच्या भूपट्टात घुसतच होता. त्यातून साठणारा ताण शाल्मलीचं केंद्र आता लहान लहान धक्क्यांनी मोकळा करत असे. पण त्याआधीच्या मोठ्या भूकंपात घर कोसळून नवरा गेला, तेव्हापासून काकू नव्या घराबाहेर तंबूतच राहत.

आज त्या आत आल्या आणि शाल्मलीचा हात घट्ट धरून बसल्या. जमीन हलली, भांडी किणकिणली आणि सगळं शांत झालं.

"एवढंच?" काकूंनी विचारलं.

"एवढंच. डोंगर तेवढा केसभर उंच झाला."

"वाढू दे बापड्याला," म्हणत काकूंनी त्या घरातली चूल पहिल्यांदा पेटवली.